६८ च्या जीटीओला तिचा खरा आवाज परत कसा मिळवून द्यायचा?

वुडवर्डकर

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. पण सगळं नीट सांगितलं तरच उत्तर नीट मिळेल, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी १९६८ ची पॉन्टियाक जीटीओ. ४०० क्युबिक इंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरच्या किंचित वरचं व्ही-८ इंजिन, क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलला २.९३ चा रेशो. रंग व्हर्डोरो ग्रीन. मी रॉयल ओकला राहतो, घरापासून वुडवर्ड ॲव्हेन्यू चालत सात मिनिटांवर. मिशिगनबाहेरच्यांसाठी सांगतो : वुडवर्ड डेट्रॉइटमधून निघतो तो थेट पॉन्टियाक शहरापर्यंत जातो. साठच्या दशकात या गाड्यांची ओळख झाली ती याच रस्त्यावर, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत.

२०११ च्या ऑगस्टमध्ये मी इथे अगदी नवा होतो. ड्रीम क्रूझचा, म्हणजे वुडवर्डवरच्या जुन्या गाड्यांच्या वार्षिक मेळ्याचा शनिवार होता आणि एवढी गर्दी कशाची ते बघायला खाली उतरलो होतो. थर्टीन माइल रोडच्या सिग्नलला एक गडद निळी जीटीओ येऊन थांबली. चालवणाऱ्या आजोबांनी ॲक्सिलरेटरला पायसुद्धा लावलेला नव्हता, गाडी नुसती उभी होती. पण तो आवाज कानाआधी छातीत आला. आमच्या पथकात मी सहा वर्षं ढोल वाजवलाय. ढोल कमरेला बांधल्यावर त्याचा घुमार जिथे बसतो ना, बरगड्यांच्या खाली, नेमका तिथे. मोठा मुळीच नव्हता. शेजारच्या माणसाशी मी साध्या आवाजात बोलू शकत होतो. सिग्नल सुटला, गाडी गेली, आणि मी तिथेच उभा राहिलो.

गेल्या ऑक्टोबरात माझी गाडी घरात आली, आणि तिला तो आवाज नाही.

काय आहे ते सांगतो. स्टार्ट केली की फर्र्र असा पत्रा फाटल्यासारखा आवाज येतो. थंड असताना एक बारीक टिकटिक, ती गरम झाल्यावर जाते. ॲक्सिलरेटर सोडला की मागे फटाके. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे ६० मैलांच्या वेगाला, २२०० आरपीएमच्या आसपास, आत असा घुमारा भरतो की शेजारी बसलेल्या बायकोशी बोलता येत नाही. मुलगी दोनदा आली, दोन्ही वेळा कानांवर हात. आता ती येत नाही, हे मला फार लागलंय.

खाली जाऊन जेवढं बघता आलं तेवढं असं : आधीच्या मालकाने पातळ नळ्यांचे स्वस्त हेडर्स (प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या नळीने बाहेर नेणारे) लावलेत. तिथून सव्वादोन इंची दोन स्वतंत्र पाइप मागे जातात, मध्ये एकमेकांना कुठेच जोडलेले नाहीत. त्यावर लाल ग्लासपॅक सायलेन्सर. आणि पाइप मागच्या ॲक्सलच्या अलीकडेच कापून जमिनीकडे वळवलेत. एप्रिलमध्ये एका सायलेन्सरच्या दुकानात नेली. त्यांनी वळणावर पाइप असा दाबून वाकवला की आतल्या बाजूला अक्षरशः चुण्या पडल्यात, ग्लासपॅक नवे घातले, पैसे घेतले आणि ‘या गाड्या अशाच वाजतात’ म्हणून पाठवलं. या गाड्या अशा वाजत नाहीत. मी ऐकलंय.

तर विचारायचं ते हे : नुसते सायलेन्सर बदलून भागेल, की सगळंच काढायचं? दोन पाइप मध्ये जोडायला एच-पाइप (एच अक्षरासारखा आडवा जोड) घालावा की एक्स-पाइप (दोन्ही पाइप एकमेकांना छेदतात तो)? हेडर्स ठेवावेत का? मला आवाज वाढवायचा नाही. त्या निळ्या गाडीसारखा हवा.

टोलेडोचे काका

वुडवर्डकर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. माझ्याकडे १९७० ची शेव्रोलेट शेव्हेल आहे, २६ वर्षं झाली. लोक पहिला प्रश्न ‘कुठला सायलेन्सर घालू’ हा विचारतात. सायलेन्सर सगळ्यात शेवटी. आधी तो आवाज मुळात येतो कुठून ते बघू.

मी इथल्या मंडळात तबला वाजवतो, तर माझ्या पद्धतीने सांगतो. तुमच्या पॉन्टियाकचा आणि माझ्या शेव्हेलचा फायरिंगचा क्रम एकच : १-८-४-३-६-५-७-२. क्रँक दोनदा फिरली की आठही सिलिंडर एकेकदा पेटतात, सारख्या अंतराने, दर ९० अंशांना. म्हणजे केरव्याच्या आठ मात्रा समजा. आता डावी बाजू म्हणजे १, ३, ५, ७, आणि उजवी २, ४, ६, ८. क्रम परत वाचा आणि फक्त डावी बाजू मोजा. ५ आणि ७ लागोपाठ येतात. तिथून सम धरली तर डावी बाजू पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर वाजते. बाकीच्या मात्रा खाली, म्हणजे रिकाम्या. टेबलावर वाजवून बघा : धा धा – धा – – धा –. आता उजवी बाजू मोजा. तिथे ८ आणि ४ लागोपाठ. तिथून धरलं तर पुन्हा तोच ठेका, पहिली, दुसरी, चौथी, सातवी. फक्त चार मात्रा उशिरा सुरू होतो.

म्हणजे दोन्ही बाजू एकच लंगडता ठेका वाजवतात, अर्ध्या आवर्तनाच्या अंतराने. दोन्ही एकत्र केले की आठही मात्रा सारख्या भरतात, खाली जागा उरत नाही. अमेरिकन व्ही-८ चं जे गुरगुरणं आपल्याला आवडतं, ते त्या खाली सोडलेल्या मात्रांमुळे. मला हे समजायला पंधरा वर्षं लागली, आणि समजल्यावर बाकीचे सगळे निर्णय आपोआप झाले.

एक्स-पाइप दोन्ही बाजू पूर्ण एकमेकींत मिसळतो. आवाज गुळगुळीत आणि उंच होतो, शर्यतीच्या गाडीसारखा. तुम्हाला तो नकोय. काहीच जोड नसला, जसा आत्ता तुमच्याकडे नाही, की दोन बाजू दोन तोंडांनी बोलतात आणि आवाज कोरडा, कर्कश येतो. एच-पाइप थोडंसं इकडचं तिकडे जाऊ देतो. ठेका राहतो, टोक झडतं, खर्ज वाढतो. तुम्हाला एचच हवा.

तो कुठे जोडायचा यासाठी जुनी युक्ती आहे. नवीन पाइप बसवल्यावर, जोड कापायच्या आधी, दोन्ही पाइपांवर साध्या काळ्या स्प्रेचा लांब पट्टा मारा आणि गाडी दमवून आणा. रंग जिथे सगळ्यात जास्त जळून जाईल, तिथे जोडा. पाइप अडीच इंची घ्या. वळणं मँड्रेलवर, म्हणजे पाइपच्या आत आधार घालून, वाकवलेलीच हवीत, म्हणजे वळणातही पाइपचा घेर तोच राहतो. चुण्या पडलेला पाइप म्हणजे गळा दाबलेला गायक.

हेडर्स काढा. कुणी काहीही म्हणो, पातळ नळी स्वतः वाजते. तो पत्र्याचा आवाज निम्मा तिथला आहे. हेडर्सच्या जागी बसणारे बिडाचे ओतीव मॅनिफोल्ड, पॉन्टियाकच्या रॅम एअर या जोरकस इंजिनांच्या पद्धतीचे, नवे बनवून मिळतात. त्यांच्या वाटा लांब असतात, त्यामुळे इंजिन फारसं गुदमरत नाही, आणि जाड बीड वरचा किणकिणाट गिळून टाकतं. मूळ मॅनिफोल्ड बसवणार असाल तर एका बाजूला हीट रायझरची झडप असते (थंड इंजिन लवकर तापावं म्हणून धूर अडवणारी), ती मोकळी फिरते का बघा. माझ्या शेव्हेलची गंजून मिटलेली होती. एक बाजू सहा महिने ठेकाच धरत नव्हती आणि मी सायलेन्सर बदलत बसलो होतो.

मग सायलेन्सर. ग्लासपॅक म्हणजे भोकांची सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर. लोकर जळून उडाली की उरते नुसती नळी. चेंबरवाल्या सायलेन्सरात लोकर नसते, आत पडदे असतात, त्यांवर आवाज आपटून एकमेकांना मारतो. तो खणखणीत असतो, पण तुमच्या त्या २२०० ला आत डोकं उठवील. मी तुम्हाला मोठ्या पेटीचा टर्बो मफलर सुचवेन. नावात टर्बो आहे कारण १९६२ च्या टर्बोचार्ज केलेल्या शेव्रोलेट कॉर्व्हेर गाडीचा सायलेन्सर मोकळा वाहतो हे तेव्हाच्या पोरांनी हेरलं आणि भलत्याच गाड्यांना लावायला सुरुवात केली. आत वाट एस आकाराची, आवाज जाड आणि खोल.

आणि हे सगळं करायच्या आधी इंजिन. ठिणगीचं टायमिंग, हलक्या भाराला ठिणगी पुढे ओढणारा व्हॅक्युम ॲडव्हान्स, प्लग, कॉम्प्रेशन. एक सिलिंडर मंद असला तर ठेक्यातली एक मात्रा गळते, आणि ती कुठल्याही पाइपने परत येत नाही. तुमच्या इंजिनात ५ आणि ७ शेजारी आहेत आणि पेटतातही लागोपाठ. त्यांच्या प्लगच्या वायरी एकमेकींना चिकटून नेऊ नका. एकीतला करंट दुसरीत उठतो आणि ७ वेळेआधी पेटतो. एवढं कराच.

(जाता जाता : १९७० च्या जीटीओला काही काळ डॅशबोर्डखाली एक नॉब मिळायचा. ओढला की व्हॅक्युमने सायलेन्सर आतून मोकळे व्हायचे. कंपनीने स्वतः दिलेला! मी एकदाच ऐकलाय, एका पार्किंगमध्ये.)

डेसिबलताई

काकांचा ठेका मी ऑफिसात टेबलावर वाजवून बघितला, बरोबर बसतो. मी डिअरबॉर्नला गाड्यांच्या आवाजावर आणि कंपनांवरच काम करते, त्यामुळे फक्त घुमाऱ्याबद्दल लिहिते.

२२०० आरपीएमला एका फेरीत चार सिलिंडर पेटतात, म्हणजे मिनिटाला ८,८०० ठोके, सेकंदाला सुमारे १४७. पाइपचं तोंड ॲक्सलच्या अलीकडे जमिनीकडे आहे म्हणजे हे ठोके थेट तुमच्या तळपत्र्याखाली बसताहेत आणि आतली अख्खी हवा त्या सुराला हलतेय. मुलीच्या कानाला त्रास होतो ते अगदी खरं आहे, खालचे सूर बंद जागेत कानावर दाब आणतात.

पहिलं काम : पाइप ॲक्सलच्या वरून नेऊन मागच्या बंपरच्या बाहेर काढा. हे आवाजासाठी नंतर, आधी जिवासाठी. धूर गाडीखाली सोडला तर तो जुन्या रबरांतून, डिकीच्या फटींतून आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलीला मागे बसवायची असेल तर यात तडजोड नको.

एवढ्यानेच बराच घुमारा जाईल. उरला तर मुख्य पाइपला काटकोनात एक आडवी नळी जोडायची, दुसरं टोक बंद. लाट आत जाते, बंद टोकावरून परत येते, आणि लांबी नेमकी असेल तर परत येते ती अर्धं आवर्तन उशिरा, म्हणून मूळ लाटेला मारते. लांबी हवी पाव तरंगाएवढी. गरम वायूत आवाज जास्त वेगाने धावतो : २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर, २३० अंशांच्या आसपास ४५० मीटर. मागच्या भागात तापमान साधारण तेवढं धरलं तर ४५० ला १४७ ने भागा, तीन मीटरच्या थोडा वर तरंग येतो. त्याचा पाव म्हणजे ७६ सेंटिमीटर, तीस इंच. पण तुमच्या पाइपचं खरं तापमान मोजल्याशिवाय वेल्डिंग करू नका. आधी आत सरकणारी टोपी बसवून घ्या, रस्त्यावर नेऊन दोन-दोन इंच मागेपुढे करा, आणि मग बंद करा. मोबाइलवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं साधं ॲप चालतं. १४७ च्या जवळचा खांब खाली बसला की जागा सापडली.

गंगावेस

वुडवर्डकर भावा, जीटीओ मी फोटोतच बघितलीय, पण सायलेन्सर रोज हातात असतात. कोल्हापुरात बुलेटची कामं करतो. इथं निम्मी पोरं येतात ती पुंगळी (मोकळा, कर्कश सायलेन्सर) लावून द्या म्हणतात. मी देत नाही. मूळ सायलेन्सर नीट करून देतो, मग परत येऊन सांगतात की दादा, ठोका आता ऐकू येतोय.

तुझी ती थंडपणीची टिकटिक म्हणजे जोडातून गळती, लिहून ठेव. लोखंड गरम होऊन फुगलं की फट मिटते. ॲक्सिलरेटर सोडल्यावरचे फटाकेपण तिथलेच, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. शोधायचं सोपं आहे. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना एक उदबत्ती लाव, स्टार्ट कर, आणि प्रत्येक जोडाजवळून हळू फिरव. जिथं धूर थरथरतो तिथं फट. पंखा-बेल्टपासून हात लांब ठेव आणि पेट्रोलच्या नळीजवळ उदबत्ती न्यायची नाही. तिकडं मागच्या पाइपातून व्हॅक्युम क्लीनरची उलटी हवा सोडून जोडांवर साबणाचं पाणी मारलंस तरी चालतंय, इंजिन बंद ठेवून. बुडबुडे दिसतील.

वुडवर्डकर

दीड महिन्याने येतोय, क्षमस्व. काम संपवूनच लिहायचं ठरवलं होतं.

गंगावेस दादा, उदबत्ती. उजव्या हेडरच्या मागच्या टोकाला धूर सरळ उडून गेला. काढलं तर गॅस्केट अर्धं जळालेलं आणि पट्टी वाकडी. हेडर्स काढताना एक बोल्ट हेडमध्येच तुटला. तीन रात्री तेल, उष्णता, पुन्हा तेल. चौथ्या रात्री पाव फेरा सरकला, तेव्हा हातातला पाना खाली ठेवून मी नुसता बसून राहिलो.

रॅम एअर पद्धतीचे बिडाचे मॅनिफोल्ड बसवले. मग अडीच इंची पाइप, या वेळी दुसऱ्या माणसाकडून, मँड्रेलवर वाकवलेले. तो सत्तरीचा आहे, एकटाच काम करतो, आणि प्रत्येक वळणावर आतून बोट फिरवून बघतो. काका, तुमची रंगाची युक्ती त्याला आधीपासून ठाऊक होती. त्यानेच पट्टा मारला आणि मला वुडवर्डवरून पॉन्टियाकपर्यंत जाऊन यायला सांगितलं. परत आलो तेव्हा गिअरबॉक्सच्या आडव्या बीमच्या वीतभर मागे दोन्ही पाइपांवर रंग पांढुरका पडून सोलला होता, दोन्हीकडे जवळजवळ एकाच जागी. तिथे एच जोडला. सायलेन्सर टर्बोच घेतले, मोठ्या पेटीचे. पाइप ॲक्सलवरून बंपरपर्यंत.

पहिल्यांदा स्टार्ट केली आणि माझा चेहरा पडला. पत्रा गेला होता, खर्ज आला होता, पण ठेका अडखळत होता. डाव्या पाइपामागे तळहात धरला तर तीन ठोके बसायचे, चौथा कधी असायचा कधी नाही. उजवीकडे चारही नीट. मग काका, तुमचं ते एक वाक्य आठवलं. बॉनेट उघडलं. ५ आणि ७ च्या वायरी एकाच क्लिपमध्ये, हातभर अंतर एकमेकींना बिलगून गेलेल्या. क्लिप काढली, दोघींच्या मध्ये ३ ची वायर घातली, पुन्हा स्टार्ट केली आणि तसाच डावीकडे जाऊन हात धरला. धा धा – धा – – धा –. मी तिथे गॅरेजच्या फरशीवर बसून दुसऱ्या हाताने मांडीवर वाजवत होतो, बायको दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, झालं का? मी म्हटलं, ये, हात धरून बघ.

ताई, पाइप मागे नेल्यावर घुमारा बराचसा गेला, पण २२०० ला एक लहान गाठ उरली होती. दोन्ही पाइपांना सरकत्या टोपीच्या नळ्या लावल्या. तुमचं गणित तीस इंच म्हणत होतं, माझ्या गाडीला अठ्ठावीस लागले. म्हणजे माझे पाइप तुम्ही धरलेत त्यापेक्षा थंड आहेत, बरोबर ना? आय-७५ वरून फ्लिंटपर्यंत जाऊन आलो. जाताना मुलगी मागे होती. ट्रॉय सुटलं तेव्हा कान झाकलेले होते, ऑबर्न हिल्सला हात खाली आले, आणि परत येताना ती झोपली.

आणि काका, एक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती. पाय पूर्ण दाबला आणि क्वाड्राजेटच्या मागच्या दोन मोठ्या झडपा उघडल्या की पुढून, एअर क्लीनरमधून, एक घोगरा हुंकार येतो. आधी तो मागच्या गोंगाटात कधी ऐकूच आला नव्हता.

मॅनिफोल्डचे बोल्ट गरम-थंड होऊन बसलेत, ते या शनिवारी पुन्हा कसायचे आहेत. रविवारी टोलेडोला येऊ का? तुमची शेव्हेल शेजारी लावून दोन्ही एकदम ऐकायच्या आहेत.

टोलेडोचे काका

या. गाडी थंडच ठेवतो, तुम्ही आल्यावर स्टार्ट करू. जेवायलाच या, आणि लेकीला घेऊन या.